शंभर ग्रॅम वाळू

आत्याला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, आणि तेवढ्यात तिची घरातली कपाटं तीनदा लावून झाली होती. चौथ्यांदा उघडली असती तर कपाटालाच हसू आलं असतं. चौतीस वर्षं तिनं एका मोठ्या हॉटेलात साफसफाईचं काम केलं होतं. त्यातली शेवटची अकरा वर्षं चौथ्या मजल्याची प्रमुख म्हणून. लग्न केलं नव्हतं. एकुलता एक धाकटा भाऊ होता, त्याची एकुलती एक मुलगी होती, आणि त्या भाचीवर आत्याचा भारी जीव. घरात तिच्या कामाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नसे. भाऊ पाहुण्यांना "ताई हॉटेल लाइनमध्ये आहे" एवढं सांगून चटकन हवापाण्यावर येई. आत्यालाही त्याचं काही वाटत नसे. निदान तिनं स्वतःला तसं बजावून ठेवलं होतं.

त्या शनिवारी सकाळी भाचीचा फोन आला.

"आत्या, आज दिवसभर येशील का गं? भोपळ्याला धरायला कुणीतरी हवंय. आमच्याकडे परीक्षा आहे."

"आता या वयात कसली परीक्षा?"

"आमची नाही गं, व्हॅक्यूमची!"

भोपळा म्हणजे भाचीचा आठ महिन्यांचा लेक. नुकता रांगायला लागला होता आणि जमिनीवरचं जे दिसेल ते तोंडात घालत होता. त्यात नवं घर पडलं गालिच्यांचं. बैठकीच्या खोलीत जाड लोकरीचा, जिन्यावर आखूड लवेचा, झोपायच्या खोलीत सपाट विणीचा. झाडूनं काही होईना, म्हणून उभ्या दांड्याचा व्हॅक्यूम घ्यायचा असं ठरलं होतं.

आत्या पोचली तेव्हा खोलीत तीन यंत्रं रांगेत उभी होती आणि त्यांच्या शेजारी गोल पोटाचे, हसऱ्या चेहऱ्याचे दुकानदार. "आवडेल तो ठेवा, उरलेले दोन मी परत नेतो," असं म्हणून ते स्वतःच गाडीत घालून तिन्ही घेऊन आले होते. भिंतीवर जावईबापूंनी भलामोठा तक्ता चिकटवला होता. ते जमिनी मोजणारे सर्व्हेअर. एकदा मोजायची सवय लागली की माणूस चहातली साखरही मोजून घालतो, त्यातली गत. तक्त्यात वजन, वायरीची लांबी, आवाज, ताकद असे चौदा रकाने होते.

आत्यानं भोपळ्याला कडेवर घेतलं आणि यंत्रांवर नजर टाकली. पहिलं लालभडक, पुढे दिवे, पारदर्शक डबा. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव 'नवरदेव' ठेवलं. दुसरं काळं, रुंद छातीचं, ते 'पहिलवान'. तिसरं राखाडी, अंग चोरून उभं, ती 'मुकी'.

"हा बघा, वहिनी," दुकानदार भाचीला म्हणाले, आणि त्यांनी वाटीभर पीठ गालिच्यावर भुरभुरलं. नवरदेव त्यावरून एकदाच फिरला. पीठ गायब. डब्यात पांढरं वादळ गरगरलं, पुढचे दिवे लखलखले.

"वा!" भाची म्हणाली.

"ताकदीच्या रकान्यात दहापैकी दहा," जावईबापूंनी लिहूनही टाकलं.

मग त्यांनी स्वतः नवरदेव हातात घेतला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा काही पळवला, की भोपळ्यानं मान वळवून वळवून बघितलं. आत्यानं ओठ घट्ट मिटून धरले. एकदा धरले, दोनदा धरले. तिसऱ्या फेरीला तिला राहवलं नाही.

"जावईबापू, गालिचा साफ करताय की गालिच्यावरून पळून जाताय?"

जावईबापू थांबले. भाची खुदकन हसली. आत्याचे कान तापले. उगाच बोलले असं तिला वाटलं. पण जावईबापू माणूस सरळ. ते म्हणाले, "चुकतंय का माझं? दाखवा ना मग."

आत्यानं भोपळा त्यांच्या हातात दिला, चपला बाजूला काढल्या आणि ती गालिच्यावर गुडघे टेकून बसली. तिनं तळहात लवेवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवला.

"हॉटेलात बघितलंय ना मी. पीठ वर बसतं, ते कुणीही उचलेल. फुंकर मारली तरी उडेल. गालिच्याचा खरा वैरी म्हणजे वाळू. ती पायानं आत जाते, मुळाशी बसते आणि आतून लोकर कापत राहते. वाळू आहे का घरात?"

"बांधकामातली उरलीय मागे," भाची म्हणाली.

"कोरडी बघून आण. आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा."

आता जावईबापूंच्या अंगात आलं. वाळू त्यांनी चाळून घेतली, शंभर-शंभर ग्रॅमच्या तीन पुड्या केल्या, टेप लावून गालिच्यावर तीन सारखे चौकोन आखले, आणि ते अगदी काटकोनात आहेत ना हे दोनदा तपासलं. आत्यानं आधी तिन्ही चौकोन साफ करून घेतले. मग एकेक पुडी ओतून ती अनवाणी पायांनी वाळू आत रगडू लागली. भाचीही चपला काढून आली. "मलाही!" म्हणत दुकानदार मोजे काढून तिसऱ्या चौकोनात शिरले. तिघं जण गोल गोल पाय घासत होते आणि जावईबापूंच्या कडेवरचा भोपळा टाळ्या पिटत होता.

"आता गप्प उभे राहा सगळे," आत्या म्हणाली.

तिनं नवरदेव सुरू केला. हळूहळू पुढे नेला, त्याहून हळू मागे ओढला. "मागे येताना घाई करायची नाही, कारण मागे येतानाच जास्त माल निघतो." तिनं मान किंचित कलती केली. "ऐका. टकटक ऐकू येतेय? कण नळीवर आपटतायत. ती थांबली की समजायचं, झालं."

नवरदेवाची टकटक चार फेऱ्यांतच थांबली. आत्यानं भुवया उंचावल्या. जाड लोकरीवर त्याचं तोंड असं चिकटून बसलं होतं की खालचा ब्रश धड फिरतच नव्हता. चार फेऱ्या म्हणजे चार फेऱ्या, असं म्हणून तिनं बाकीच्या दोघांनाही तेवढ्याच दिल्या. मुकी बारीक पावसासारखी वाजत राहिली. पहिलवान सुरू झाला तेव्हा मात्र गारा पडाव्यात तसा आवाज झाला आणि आत्याच्या चेहऱ्यावर पोरीसारखं हसू पसरलं.

वजनं झाली. पहिलवान त्र्याऐंशी, मुकी एकाहत्तर. नवरदेवाचा डबा रिकामा करायला दुकानदार स्वतः पुढे सरसावले. त्यांनी ऐटीत कळ दाबली, झाकण खाडकन उघडलं, आणि सकाळचं सगळं पीठ त्यांच्या तोंडावर उडालं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. ते ओळीनं सात वेळा शिंकले. दर शिंकेला भोपळा खदाखदा हसत होता, आणि त्याचं हसू बघून भाची सोफ्यावर लोळायची बाकी राहिली होती. वाळू काट्यावर भरली सेहेचाळीस ग्रॅम.

"सेहेचाळीस!" जावईबापूंनी तक्त्याकडे पाहिलं, मग दहापैकी दहावर काट मारली. "आत्या, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"चौथ्या मजल्यानं. बासष्ट खोल्या आणि मधला लांबलचक बोळ, तिथून इथवर गालिचा." आत्या सोफ्याच्या कडेला टेकली. बोलावं की नाही असं तिला क्षणभर झालं, पण तिघंही तिच्याकडेच बघत होते. "एकदा खरेदीच्या साहेबांनी कुणाला न विचारता बारा नवी यंत्रं आणली. दिसायला सुरेख. पंधरा दिवसांत आमच्या बायकांचे खांदे गेले. मी साहेबांना म्हटलं, एक दिवस तुम्ही ढकला. नुसत्या दहा खोल्या. बिचारे चांगले होते, खरंच ढकलायला आले. सातव्या खोलीत पलंगावर बसले ते उठेचनात. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा परत."

"आणि हे तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस?" भाचीचा आवाज एकदम मऊ झाला.

"अगं, जेवायच्या टेबलावर गालिच्यांची चौकशी कोण करतं?"

भाची उठून तिच्या शेजारी येऊन बसली. खांद्याला खांदा लावला.

"तर मग हा काळाच!" दुकानदार चेहरा पुसत म्हणाले.

"थांबा," आत्या म्हणाली. बाळंतपणापासून भाचीचं मनगट दुखत होतं. सकाळी चहाची किटली तिनं दोन्ही हातांनी उचलली होती, हे आत्यानं पाहून ठेवलं होतं. "काळा जोरकस, पण वळवताना सगळा भार मनगटावर येतो. यंत्राचं वजन काट्यावर बघू नये, हातात बघावं. हिच्यासाठी राखाडीच बरा. बारा गुण कमी पडले तर चार फेऱ्यांच्या जागी सहा मारायच्या."

जावईबापूंनी मान डोलावली आणि मुकीच्या नावापुढे खूण करायला पेन्सिल उचलली.

"एक मिनिट," भाची म्हणाली. "हे ढकलणार मी, असं कुणी ठरवलं?"

आत्यानं भाचीकडे पाहिलं, भाचीनं नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं तक्त्याकडे पाहिलं. चौदा रकान्यांत तो रकानाच नव्हता.

"मीच ढकलीन की," जावईबापू म्हणाले. "मला आवडतंय ते. खरंच. ती टकटक फार छान वाटते."

आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "चौतीस वर्षं यंत्रं ढकलली आणि मीसुद्धा बाईचाच हात गृहीत धरून चालले! उठा जावईबापू, उभे राहा. दांडा किती वर येतो बघू."

मग परीक्षा पुन्हा पहिल्यापासून झाली. जावईबापू उंच, मुकीचा दांडा त्यांना आखूड पडला, पाच मिनिटांत कंबर वाकली. पहिलवान मात्र त्यांच्या हातात असा बसला की जणू मापानं शिवलाय. जिन्यावर त्यांनी तो एका हातानं उचलला. सपाट विणीच्या गालिच्यावर ब्रश बंद करायला आत्यानं शिकवलं, नाहीतर धागे निघतात. दुपारपर्यंत त्यांनी तिन्ही गालिचे दोनदा स्वच्छ केले, आणि त्यांना थांबवायला शेवटी भाचीला वायर काढावी लागली.

दुकानदार जाताना दारात घुटमळले. "ताई, एक विचारू? मी वीस वर्षं हे विकतोय, पण आज पहिल्यांदाच मला कळलं की मी काय विकतोय. शनिवारी दुकानात याल का? लोकांना दाखवायला. फुकट नाही हां, रीतसर नेमणूक."

आत्यानं पदराशी चाळा करत एवढंच म्हटलं, "बघते." पण पायरी उतरेपर्यंत तिनं दुकानदारांना हाक मारून परत बोलावलं होतं.

"माझ्या तीन अटी. दुकानात जाड, आखूड आणि सपाट असे तिन्ही गालिचे अंथरायचे. पीठ बंद. आणि नवरदेव वाईट आहे असं मी म्हणणार नाही, सपाट जागी तो चांगलाच आहे; पण जाड गालिचावाल्याला तो मी देणार नाही."

"नवरदेव कोण?" दुकानदारांनी विचारलं, आणि भाचीला पुन्हा हसू फुटलं.

पुढच्या शनिवारी आत्या नऊ वाजताच दुकानात हजर झाली. सकाळी चार माणसं आली, दुपारी चौदा. एक म्हातारे गृहस्थ घरात एकही गालिचा नसताना तासभर नुसते बघत उभे राहिले. चारच्या सुमारास एका इस्पितळाचा निळा गणवेश घातलेली, पन्नाशीची एक बाई आत आली. तिनं कशाची किंमत विचारली नाही. सरळ आत्यापुढे उभी राहिली आणि उजवा खांदा चोळत म्हणाली, "तुम्ही यातल्याच ना? आमच्या बोळातलं यंत्र डावीकडे ओढतं. साहेब म्हणतात, माझाच भास आहे."

"भास?" आत्या म्हणाली. "बस इथे."

दोघी गालिच्यावर मांडी घालून बसल्या. आत्यानं पहिलवानाला आडवा केला, खालचं झाकण उघडलं, आणि ब्रशवरचा पट्टा बोटानं ताणून दाखवू लागली. थोड्या वेळानं दुकानदार चहाचे दोन पेले घेऊन आले. दोघींनी वर न बघताच हात पुढे केले.