डिंकसाहेबांचा प्रश्न

आमच्या ह्यांना पलटणीत सगळे डिंक म्हणतात. तोंडावर साहेब, पाठीमागे डिंक. मुदत संपलेला जवान नोकरी सोडायचा अर्ज घेऊन आला, की त्याला आधी ह्यांच्या टेबलासमोर बसवायचं, असा तिथला नियम. हे पेन्शनचं पुराण लावत नाहीत. चहा देतात आणि एकच विचारतात, "तू गेल्यावर इथं काय अडेल?" एका ड्रायव्हरला आठवलं, की जुना ट्रक फक्त त्याच्याच हाताने सुरू होतो. एका आचाऱ्याला आठवलं, की पाचशे माणसांच्या भाजीत अंदाजाने मीठ टाकणारा तो एकटाच. दोघंही अर्ज फाडून उठले.

असा हा माणूस गेल्या महिन्यात स्वतःचाच कागद घेऊन पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आला. कागदावर दोन चौकटी: 'निवृत्ती' आणि 'आणखी दोन वर्षं'. याआधी दोनदा दुसऱ्या चौकटीत खूण झाली होती. या खेपेला नक्की घरी येतो, असं मला कबूल केलं होतं आणि त्या शब्दावर मी दिवस काढत होते.

पहिल्या दिवशी हे गळका नळ बघायला पाना घेऊन निघाले. नळ मी कधीच बदलून घेतला होता. दुसऱ्या दिवशी लेकीला स्कूटर शिकवतो म्हणाले. लेक स्कूटरवरूनच कॉलेजला गेली होती. तिसऱ्या दिवशी माळा आवरायला शिडी मागितली, तर मी म्हटलं, "हात लावू नका, मग मला काही सापडत नाही." माझी जीभ म्हणजे नुसती कात्री. चौथ्या दिवसापासून ते रोज बुटांना पॉलिश करायला लागले.

आठव्या दिवशी दुपारी, त्यांचं जेवण झाल्यावर, कागद टेबलावर आला. मी ओट्याशी जेवत होते.

"तुमचा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला का?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? इथं माझ्यावाचून काहीच अडत नाही. तू अडू देतेस कुठं? कौतुकानेच म्हणतोय हं."

कौतुक होतंच, पण मला राग आला, तोही स्वतःचाच. काही अडू नये म्हणून बावीस वर्षं जिवाचं रान केलं आणि त्या नादात ह्यांची जागाच भरून टाकली.

"अडतं," मी म्हटलं. "नळ, गॅस, लेकीचं शिक्षण, काही अडलं नाही. पण मी जेवते कशी ते बघा. पातेल्यातच, उभ्याने. एकटीसाठी ताट वाढून कोण बसणार?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. "पण मी आठ दिवस घरातच आहे की."

"पंधरा दिवसांसाठी सवय कशाला मोडायची?"

मग त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली, पेनला टोपण लावलं आणि उठून स्वयंपाकघरातली दोन कपाटं उघडून बंद केली.

"अगं, ताटं कुठं असतात?"

"खालच्या फळीवर, डावीकडे," मी सांगितलं आणि खुर्ची ओढून बसले.