समोर बसून फक्त ऐकायचं

ध्यानशिबिराच्या दुसऱ्या दिवशी डोरीन काल्मॅकॉफने कहर केला. समोरच्या जोडीतली एक तरणी मुलगी छातीवर हात दाबून हुंदके द्यायला लागली, तशी डोरीन आपली जागा सोडून उठली, तिच्यापाशी गुडघ्यावर बसली आणि तिचं मनगट धरून नाडी मोजायला लागली. नाडी ठणठणीत होती. त्या मुलीला बारा वर्षांपूर्वी मेलेला बाप आठवला होता, एवढंच. रडणं मधेच तुटलं म्हणून ती इतकी चिडली की दुपारी जेवायलाच आली नाही.

शिबिर घेणारी रोवेना डोरीनला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डोरीन, तू नाडी तिची नाही मोजलीस," ती म्हणाली. "तुला स्वतःला भीती वाटली, ती घालवायला तिचा हात धरलास. ती पोरगी कुठेतरी पोचत होती. तू तिला परत ओढून आणलंस."

"मी नर्स. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काढलीयेत. हात आपोआप जातो."

"मग इथे कशाला आलीस?"

यावर डोरीनकडे उत्तर होतं. तिची धाकटी बहीण व्हेरा दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने घरीच गेली. शेवटचे आठ दिवस डोरीन तिच्या उशाशी होती. म्हणजे काय होती, तर सलाईन बघत होती, डोस लिहीत होती, कूस बदलून देत होती, श्वास मोजत होती. एकदा व्हेरा म्हणाली, "डोरी, जरा बहीण होऊन बस ना गं." डोरीन म्हणाली, "बसते, हे एवढं झालं की." ते 'एवढं' शेवटपर्यंत झालंच नाही. डोरीनच्या मनाला ते असं लागलं होतं की तिला नीट झोप नव्हती. माणसासमोर काहीही न करता नुसतं बसता यावं, म्हणून ती कासलगार गावाहून दोन तास गाडी हाकत या तळ्याकाठच्या लाकडी बराकींत आली होती. उन्हाळ्यात तिथे शाळकरी पोरांचे कॅम्प भरतात, ऑक्टोबरात रोवेनाचं शिबिर.

शिबिराची रीत अशी. वीस माणसं, दहा जोड्या, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. एकाने म्हणायचं, "आत्ता शरीरात काय आहे ते सांग, आणि ते कुणाला जाणवतंय ते बघ." दुसऱ्याने डोळे मिटून पाच मिनिटं सांगायचं. टोचतंय, जळतंय, जड आहे, जे असेल ते. पहिल्याने फक्त ऐकायचं. मान डोलवायची नाही, भुवई हलवायची नाही, "अरेरे" म्हणायचं नाही. घंटा झाली की "थँक यू" म्हणायचं आणि मग आपली पाळी. अशा आठ पाळ्यांची एक बैठक, आणि दिवसाला दहा बैठका. फोन पहिल्याच दिवशी काढून घेऊन पेटीत बंद. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. दुसऱ्या दुपारपर्यंत धडधाकट माणूस भिंतीशी भांडायला लागतो.

आणि खरं सांगायचं तर त्यात काहीतरी होतंही. पहिल्या दिवशी डोरीनला स्वतःच्या अंगात नुसती पाठ सापडली, दुखरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दुखण्याकडे इतका वेळ बघितल्यावर ते विरघळून नुसती ऊब राहिली. ही ऊब कुणाला जाणवतेय म्हणून बघायला गेली, तर कुणी हाती लागेना. चार क्षण घर रिकामं झाल्यासारखं शांत वाटलं. दोन वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं की आता काही झालं तरी हात मांडीवरून उचलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जोडीला वेंडेल आला. वेंडेल हार्कनेस, चौसष्ट वर्षांचा, जन्मभर लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक चालवलेला, बायको जाऊन वर्ष झालेला. मुलीने ढकलून पाठवला होता. दोन दिवस भांडी घासायची पाळी त्याची आणि डोरीनची एकत्र होती. तिथेही बोलायला बंदी होती, पण नळाच्या आवाजाखाली वेंडेल बोलायचाच.

"सिस्टर, काल तुम्ही त्या पोरीला वाचवलंत म्हणे," तो त्या सकाळी म्हणाला.

"गप्प बसा आणि ते पातेलं घासा."

"माझी नाडी नाही बघितली कुणी दोन दिवसांत. मी काय वाईट दिसतो?"

डोरीनला हसू आलं. मग त्याने पोटावर मूठ फिरवली आणि ढेकर दिला. रोवेनाच्या ओटच्या पेजेने छातीत जळजळतंय म्हणाला. त्याच्या वाडग्यातली पेज जवळजवळ तशीच होती, तेही डोरीनने बघितलं. बघितलं आणि स्वतःला म्हटलं, तुझं काम नाही ते बाई.

बैठकीआधी रोवेना सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलली. "तिसरा दिवस शरीराच्या बंडाचा. आज दुखेल. नवीन ठिकाणी दुखेल. शरीराला कळलंय की तुम्ही त्याच्या पलीकडे निघालात, ते तुम्हाला घाबरवणार. पळू नका. आणि ऐकणाऱ्यांनो, तुम्ही तर मुळीच पळू नका." हे म्हणताना तिने डोरीनकडे पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

घंटा झाली. भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले होते. ते घड्याळ वेंडेलच्या डोक्याच्या बरोबर मागे होतं.

"आत्ता शरीरात काय आहे ते सांग," डोरीन म्हणाली, "आणि ते कुणाला जाणवतंय ते बघ."

वेंडेलने डोळे मिटले. "पाठीत आहे. दोन खांद्यांच्या मधे. कुणी बुटाची टाच रोवून उभं राहिल्यासारखं." तो थांबला. "तिथून पुढे येतंय. जबडा दुखतोय, खालचा. दात दुखतात तसा, पण दात नाहीत तिथेही. डाव्या करंगळीत मुंग्या. घाम येतोय वाटतं. हो, येतोय, आणि गार आहे."

पाठ, जबडा, डावा हात, गार घाम, सकाळपासून जळजळ. नवशिक्या नर्सलाही कळलं असतं. तिचे हात मांडीवर होते. तिने एका हाताने दुसरा दाबून धरला.

"आणि कुणाला जाणवतंय," वेंडेल सावकाश बोलत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, "वेंडेलला. नाही, तसं नाही. नुसतं जाणवतंय. दुखतंय पण माझं नाहीये. असं होतं का हे. मॅगी गेल्यापासून मी इतका... बरं वाटतंय. दुखतंय आणि बरं वाटतंय."

आता या माणसाला काय सांगायचं? वर्षभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. काल त्या पोरीचंही असंच होतं आणि काल डोरीन चुकली होती, सगळ्यांसमोर चुकली होती. दम लागलेला नाही, ती मनाशी मोजत होती, बोलणं स्पष्ट आहे, वाक्यं पूर्ण आहेत. आणि हेच मोजणं सोडायला आपण इथे आलो, हेही तिला त्याच वेळी आठवत होतं. तिच्या पिशवीत, बराकीतल्या पलंगाखाली, ॲस्पिरिन होती, रक्त गोठू न देणारी. तिकडे जायला-यायला दोन मिनिटं पुरली असती.

घंटा झाली. दहा पंचवीस.

"थँक यू," डोरीन म्हणाली.

मग तिची पाळी आली, आणि तिला वाटलं, सुटले. आपल्या पाळीत काहीही खरं सांगायला मोकळीक होती. नियम मोडायची गरजच नव्हती. वेंडेलने विचारल्यावर तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत, त्याच्या तोंडाकडे बघत बोलली.

"पोटात भीती आहे. तुम्हाला हार्ट अटॅक येतोय अशी भीती. हातांना तुमचं मनगट धरायचंय. घसा आवळलाय. उठून गाडी काढावी असं पायांना वाटतंय. तुमचा रंग गेलाय वेंडेल, तो दिसतोय आणि माझ्या छातीत धडधडतंय. तुम्ही आत्ता उठायला हवं असं वाटतंय. तुम्ही उठून माझ्याबरोबर यायला हवं."

तिने जेवढं नियमात बसत होतं तेवढं सगळं सांगितलं. पुनःपुन्हा सांगितलं, पाच मिनिटं. आणि वेंडेलने ते कसं ऐकलं? त्याला शिकवलं होतं तसं. भुवई न हलवता, मान न डोलवता, मोठ्या मायेने. या बाईची भीती बाहेर पडतेय, पडू दे, असं त्याला वाटत असणार. दोन दिवस तो हेच तर शिकत होता की समोरचा जे बोलतो ते त्याचं असतं, आपण ते अंगाला लावून घ्यायचं नाही. त्याच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि तो तिच्याकडे इतक्या शांतपणे बघत होता की डोरीनला रडू फुटलं.

घंटा झाली.

"थँक यू, सिस्टर," वेंडेल म्हणाला. सिस्टर म्हणायची परवानगी नव्हती. ते त्याने हळू म्हटलं.

दहा तीस. पुन्हा त्याची पाळी. डोरीनने विचारलं. वेंडेलने डोळे मिटले आणि काहीच बोलला नाही.

गप्प राहण्याला तिथे फार मान. बोलणारा गप्प झाला म्हणजे शब्द संपले, माणूस पोचला, असं समजतात. एक मिनिट गेलं. ओळींमधून अनवाणी फिरणारी रोवेना त्यांच्यापाशी थांबली, वेंडेलचा शांत चेहरा बघून तिचे डोळे भरून आले, आणि तिने डोरीनच्या खांद्यावर हात ठेवला. शाबासकीचा हात होता तो. दोन दिवसांत पहिल्यांदा. डोरीनला तो हात आवडला, हे तिने नंतर स्वतःपासून कधी लपवलं नाही. तो हात खांद्यावर होता तोवर ती उठली नाही.

त्याचे ओठ करडे पडले ते तिने बघितलं. मग त्याचं डोकं पुढे आलं, तिच्या खांद्याला लागलं आणि तिथून घसरलं.

त्यानंतर डोरीनला काय करायचं ते सगळं येत होतं. तिने त्याला जमिनीवर आडवं केलं, नाडी बघितली, ती नव्हती, आणि छाती दाबायला लागली. तीस दाब, दोन श्वास. वरून ती हुकूम सोडत होती, ॲम्ब्युलन्सला फोन लाव, दार उघड, तू ये आणि मी सांगेन तेव्हा माझ्या जागी दाब. फोनच्या पेटीची किल्ली रोवेनाच्या गाडीत होती. ऑफिसात जुना फोन आहे हे कुणाला तरी आठवलं. ॲम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. तोवर वेंडेलच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, त्या मोडताना तिच्या तळहातांना कळल्या होत्या. ॲम्ब्युलन्समधल्या दोघांनीही आपल्या परीने केलं आणि मग थांबले.

दुपारी रोवेनाने ऑफिसातून वेंडेलच्या मुलीला, शेल्बीला, फोन लावला. ती प्रिन्स जॉर्ज शहरात होती. डोरीन दाराशी उभी राहून ऐकत होती. रोवेनाचा चेहरा सुजला होता, ती मनापासून रडली होती. म्हणत होती, अगदी अचानक झालं गं, ध्यानात बसलेले होते, चेहऱ्यावर हसू होतं, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मग थोडा वेळ ऐकून तिने रिसीव्हरवर हात ठेवला.

"समोर कोण होतं म्हणून विचारतेय. तिला तुझ्याशी बोलायचंय." आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डोरीन, जोडीत बोललेलं जोडीतच राहतं. आणि त्या पोरीला तरी काय उपयोग त्याचा आता? जे झालं ते शांतपणे झालं, एवढं कळू दे तिला."

डोरीनने फोन घेतला. रोवेना म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं, तीच तर पंचाईत होती. हसू होतं. त्याला बरं वाटत होतं. एवढंच सांगून ठेवून देता आलं असतं आणि पोरीचं आयुष्य थोडं सोपं झालं असतं. पण सकाळभर तिने हेच केलं होतं, जेवढं नियमात बसतं तेवढंच खरं बोलली होती.

"तुम्ही होतात ना बाबांसमोर?" शेल्बीचा आवाज बसलेला होता. "मीच पाठवलं त्यांना. ते यायला तयार नव्हते. अचानक झालं ना सगळं? त्या म्हणाल्या, त्यांना काही कळलंच नाही."

"नाही," डोरीन म्हणाली. "अचानक नाही झालं. सकाळी आठपासून जळजळत होतं. दहा वीसला पाठीत दुखायला लागलं, मग जबडा, मग डावा हात. त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. दहा तेहेतीसला पडले. मी इमर्जन्सीत नर्स होते, एकतीस वर्षं. मला पहिल्या मिनिटात कळलं होतं. तू पाठवलंस म्हणून नाही गेले ते, शेल्बी. माझ्यामुळे गेले."

रोवेना दारातून निघून गेली.

मग शेल्बीने विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"मी बसून राहिले," डोरीन म्हणाली.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. शेल्बी फोन ठेवत नव्हती, आणि आधी ठेवायचा हक्क आपल्याला नाही हे डोरीनला समजत होतं, म्हणून ती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली.