नवरीचा वेळ

बडोद्याच्या विद्यापीठातल्या इतिहास विभागात संपदाच्या नोकऱ्या दोन, आणि दोन्ही अर्धवेळ. अकरा ते एक 'संशोधन साहाय्यक', दोन ते चार 'कार्यालयीन मदतनीस'. दोन अर्धे मिळून एक होतो हे गणित शाळेत चालतं, विद्यापीठात नाही. खरं तर ती सकाळी संस्थानी काळातले मोडी कागद वाचायची, दुपारीही तेच वाचायची, आणि कुणाला विमानतळावरून आणायचं निघालं की स्कूटर काढून हरणीचा विमानतळ गाठायची. कारण कारकून किरीटभाई दारातूनच सांगत, "संपदाबेन नवरीच छे ने."

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, बिनकामाची. मांजलपुरातल्या घरी तिची मराठी आई मात्र हा शब्द ऐकला की अजून दचकायची.

सध्या पेच होता दाखल्याचा. एका पूर्णवेळ जागेचा अर्ज उद्या दुपारी बारापर्यंतच घेणार होते, आणि त्याला दोन वर्षांचा संशोधनाचा अनुभव हवा होता. विभागप्रमुख जयवंतरावांनी लिहून दिलं, 'दोन वर्षे मदतनीस. वर्तणूक चांगली.' तिनं विचारलं तेव्हा त्यांनी वडीलकीनं समजावलं, की वाचणं म्हणजे संशोधन नव्हे. संशोधन म्हणजे अर्थ लावणं, आणि तो आम्ही लावतो. एकशे बारा पत्रं तिनं वाचली, ती छापली त्या पुस्तिकेवर नाव त्यांचं एकट्याचं. आमटी न चाखता मीठ कमी आहे सांगणारा जाणकार बडोद्यात हाच एक असावा.

त्याच दुपारी पुण्याहून विमलाताई आल्या. मोडीत मुरलेल्या बाई. संपदानं चहा ठेवला तशी त्यांनी चौकशी केली, ही कोण.

"ही आमची नवरी," जयवंतराव सवयीनं म्हणाले.

"अरे वा. लग्न कधी?"

किरीटभाई खुदकन हसले. खुलासा संपदानंच केला.

"लग्न नाही, ताई. इकडे नवरी म्हणजे जिला काही काम नाही ती."

विमलाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीतून एका पत्राची प्रत काढली. तुमच्याच दप्तरातलं आहे, पुस्तिका वाचून आले, शेवटची ओळ तेवढी अडलीय, म्हणाल्या. जयवंतरावांनी चष्मा लावला, काढला, पुसला, आणि कागद संपदापुढे सरकवला.

"वाच गं."

संपदानं ट्रे उचलला.

"तीन वाजलेत, सर. आत्ता मी मदतनीस. वाचन संशोधनात मोडतं, ते उद्या अकराला."

जयवंतराव हसले, सोबत कुणी हसलं नाही. विमलाताईंनी टेबलावरच्या पुस्तिकेवरचं नाव एकदा वाचलं, आणि मग संपदाकडे पाहत राहिल्या.

"अगं, तू घरचीच ना," जयवंतरावांचा आवाज उतरला.

"घरच्यांना दाखला लागत नाही, सर. मला लागतो."

शेवटी जयवंतरावांनी किरीटभाईंना मजकूर सांगितला: दोन वर्षे संशोधन, एकशे बारा मोडी पत्रांचे वाचन. किरीटभाई ते टाइप करीपर्यंत संपदा ट्रे धरून उभीच होती. सही झाली.

"शिक्का राहिला," ती म्हणाली.

शिक्का उमटला. शाई वाळेपर्यंत तिनं फुंकर घातली, दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन ओढली. मग विमलाताईंच्या पत्रातली ती ओळ एका दमात वाचली, आणि कुणी विचारायच्या आत तिचा अर्थही सांगून टाकला.