सोफ्याच्या आतलं

"कात्री खाली ठेवा. आधी कात्री खाली ठेवा, मग बोला."

सोफेवाल्याने कात्री ठेवली नाही. सोफ्याच्या बैठकीची शिवण तो टाका टाका करून उसवत होता. आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यांसाठी सोफे शिवले आणि घरी मात्र लोखंडी खुर्च्या. मुलीचं लग्न ठरत आलं तेव्हा बायकोने मागे लागून हा एक करवून घेतला. आत जाड, एकसंध फोम होता, मोठ्या हॉटेलांना घालतात तसला. बायको त्यावर कधी टेकतसुद्धा नसे. येता-जाता नुसता हात फिरवून जाई.

"उद्या पोरीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येणार. त्यांना काय जमिनीवर बसवू?"

"वरून कव्हर घालून ठेवतो. खाली फळ्या आहेत."

"फळ्या! ऐकलंस का गं? तुझे बाबा तुझ्या सासूला फळीवर बसवणार आहेत."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा, एक दिवस थांबा ना. परवा न्या. तोवर देव काही गाव सोडून जात नाही."

प्रश्न एका म्हातारीचा होता. तिचं कुणी नव्हतं, म्हणून मंडळीने तिला चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. तिला कूसही बदलता येत नसे. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. गेल्या रविवारी पाळकांनी उपदेशात तिच्यासाठी मऊ गादी मागितली. हे पाळक उपदेश गात असत. बोलता बोलता त्यांच्या शब्दांना चाल लागे, आणि मग सगळी मंडळी त्यांच्या मागून म्हणे,

'उरलंसुरलं द्याया सारे, पहिलं देतो कोण?'

सोफेवाला त्या ओळीवर डुलला होता. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून त्याने ती सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटली होती. आणि दुसऱ्याच दिवशी, दुकानात कापून उरलेले फोमचे तुकडे एकमेकांना चिकटवून, वर छानशी खोळ घालून त्याने गादी नेऊन दिली. पाळकांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, तेव्हा त्याला खरोखरच भरून आलं होतं.

आज सकाळी तो म्हातारीला भेटायला गेला. नर्स तिला कुशीवर वळवत होती. "जुन्या सुकत होत्या, तर ह्या नव्याच," नर्स म्हणाली. "कशाने आल्या कळत नाही."

त्याला कळलं. नव्या जखमा सरळ रेषेत होत्या. जिथे तुकड्याला तुकडा जोडला होता तिथेच. चिकटवलेली कड वाळली की काठीसारखी टणक होते, हे तो गिऱ्हाइकांना इतकी वर्षं सांगत आला होता.

"पाळकांनी सांगितलं का, सोफा फाडून आणा म्हणून?" बायकोने विचारलं.

"त्यांना माहीतसुद्धा नाही."

"मग हे कुणी डोक्यात घातलं? गाणी म्हणून म्हणून डोकं फिरवलंय त्यांनी तुमचं. दुसरा फोम आणा की विकत."

"असला मागवावा लागतो. यायला आठवडा जाईल. तिची पाठ तेवढी थांबेल?"

"आणि माझ्या पोरीने थांबायचं! देवाला सोफा लागतो होय?"

"मी त्याला केर दिला गं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गात गात दिला."

बायकोचा चेहरा लाल झाला. "मी एकदा बसले नाही त्याच्यावर. पोटच्या पोरासारखा जपला."

"तेच म्हणतोय. निदान कुणीतरी निजू दे त्याच्यावर."

"न्या. पण ऐकून ठेवा. उद्या पोरीचं काही बिनसलं, तर माझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हणायची नाही. म्हटलीत तर मी उठून जाईन."

फोमची गुंडाळी डोक्यावर घेऊन तो जिना उतरला. शेजारणींनी दारं उघडून पाहिलं. कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले. होणारी सासू ऐसपैस बसायला गेली आणि फळीवर आदळली.

"अगंबाई!"

नवऱ्या मुलाच्या काकांनी कव्हर दाबून पाहिलं. "सोफेवाल्याच्या घरचा सोफा, आणि आतून पोकळ! माल विकून खाल्ला काय?"

सोफेवाल्याने होतं ते सांगितलं. तुकड्यांच्या गादीचंसुद्धा सांगितलं. तेवढं नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

"दानधर्म करावा," सासू कंबर चोळत म्हणाली, "पण स्वतःचं घर बघून करावा. लेकीलाही हेच शिकवलंय का? आमच्याकडे येऊन गाद्या वाटत सुटेल."

काका मोठ्याने हसले. मुलीने चहाचा ट्रे पुढे ठेवला. नवरा मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत राहिला. चहा अर्धाच प्यायला गेला. निघताना सासू दारातून म्हणाली, "कळवतो."

मुलगी आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

सोफेवाला कप गोळा करत राहिला. आता बायको तोंड सोडणार, हे धरूनच तो चालला होता. पण ती आली आणि सोफ्यावर बसली. सैल कव्हर तिच्याभोवती गोळा झालं.

"निजली का?"

"कोण?"

"कोण म्हणे! तुमची म्हातारी."

"निजली. नर्स म्हणाली, काल कण्हली नाही."

बंद दाराआडून नाक ओढल्याचा आवाज आला. बायकोने तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिची नजर काही निवळली नव्हती.

"निजणारच," ती म्हणाली. "साधासुधा नव्हता तो."

आणि पाठ ताठ ठेवून ती तशीच फळ्यांवर बसून राहिली. त्याला मात्र बसा म्हणाली नाही.