दारुड्या गवंड्याचा जिना

हॉस्पिटलच्या धुलाईघरात कपडे टाकीत सोडण्याआधी खिसे तपासायचे असतात. त्या शनिवारी एका डॉक्टरच्या कोटात तिला रंगीत पत्रक सापडलं. 'एका दिवसात अकरा विचित्र ठिकाणं. दर रविवारी.' खाली चौकोनी फोटो होते: पाणी नसलेला पूल, कापलेल्या वेण्या जमवणाऱ्या न्हाव्याची खोली, झाडाच्या ढोलीत अडकलेली सायकल. सातव्या चौकोनात तिचं स्वतःचं घर होतं. खाली लिहिलं होतं, 'दारुड्या गवंड्याचा जिना'. आणि तळाशी, हात उंचावून हसणारा तिच्या दिराचा मुलगा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा नवरा गवंडी होता हे खरं, पण दारूच्या थेंबाला तो आयुष्यात शिवला नव्हता.

रविवारी तिची पाळी असायची, त्यामुळे तिने ती माणसं कधी पाहिली नव्हती. नवरा मात्र संध्याकाळी सांगायचा, "आज सतरा जण आले होते. एका बाईने पायऱ्या मोजल्या." पुतण्याने परवानगी विचारली तेव्हा त्याने आनंदाने दिली होती. ऐकायला त्याला कमीच येई. बाहेर आपल्या कामाचं कौतुक चाललंय अशी त्याची समजूत होती, आणि पत्रक सापडेपर्यंत तिचीही.

पुढच्या रविवारी तिने रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं, कामावर जाते. डोक्यावरून ओढणी घेतली आणि मिनीबसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिकीट ड्रायव्हरने फाडलं. पुतण्या पुढे माईक घेऊन बसला होता, त्याचं मागे लक्षच नव्हतं.

पोरगा बोलायचा मात्र झकास. पाणी नसलेल्या पुलाशी त्याने सांगितलं, की गावच्या सरपंचाने पूल बांधला आणि नदी मागवायची राहून गेली. बस हसली. तीही हसली, पोट धरून. न्हाव्याच्या खोलीत वेण्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या होत्या. 'एकेक बाई याला सोडून गेली आणि वेणी ठेवून गेली,' असं तो म्हणाला. तेव्हाही ती हसली. न्हावी कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होता. त्याने मान वर केली नाही.

मग तिच्या फाटकाशी बस थांबली.

"हा बघा," पुतण्या म्हणाला, "अठरा पायऱ्या चढा आणि थेट आकाशात जा. आमचा गवंडी इतका झिंगलेला असायचा, की जिना बांधला आणि मजला बांधायचा विसरला. सकाळी उतरली तेव्हा म्हणतो, वरची खोली चोरली कोणी?"

सगळे खदखदले. पलीकडे खिडकीत बसलेल्या नवऱ्याने लोकांना हसताना पाहिलं आणि थरथरता हात वर करून हलवला. चारपाच जणांनी त्यालाही हात केला, फोटो काढले.

ती गर्दीतून पुढे आली. ओढणी खाली घेतली. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, तू इथे?"

"माईक बंद कर."

नवरा बघत होता. आवाज चढवायची सोय नव्हती, म्हणून खिडकीकडे पाठ करून ती दातांतून, हळू बोलली, आणि सगळे पुढे झुकून ऐकू लागले.

"हे पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. या जिन्याच्या पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवल्यात, दुसऱ्या बाजूला टेकू नाही. असा जिना या भागात दुसऱ्या कुणाला जमला नाही. माझा गुडघा दुखतो म्हणून प्रत्येक पायरी बोटभर बुटकी घेतली. जिना झाला आणि यांचे हात थरथरायला लागले. थापी धरवेना. मजला राहिला तो तेव्हापासून. याला सगळं ठाऊक आहे. हा तेव्हा विटा द्यायला होता."

एका माणसाने फोन खिशात घातला.

"खरं सांगितलं तर कोण येईल, काकू?" पुतण्या पुटपुटला. "लोकांना गंमत लागते. काकांना माणसं आलेली आवडतात, तू विचार त्यांना."

हेच तिला जास्त झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं.

"त्या न्हाव्याचं खरं काय आहे?" तिने विचारलं.

तो माईकची वायर बोटाला गुंडाळू लागला.

"बोल."

"मुलगी होती त्याची. लहानपणापासून दर वाढदिवसाला वेणी कापून ठेवायचा. मोठी झाली आणि गेली. आजारात."

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. तासाभरापूर्वी ती त्या माणसासमोर उभी राहून हसली होती.

"तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून मी जेवू घातलंय," ती म्हणाली, "नाहीतर आज इथेच कानाखाली वाजवली असती. पत्रकं बदल. माझ्या दारात मी सांगेन, तू तोंड उघडायचं नाही. आणि न्हाव्याकडे आत्ता जायचं. या सगळ्यांना घेऊन."

बस खरोखर उलट वळली. सगळेच उतरले नाहीत. दोघे म्हणाले, आमचे पैसे गेले. ती न्हाव्यासमोर उभी राहिली आणि तिला एवढंच जमलं, "मघाशी मी हसले. चुकलं माझं." न्हाव्याने तिला बसायला खुर्ची दिली. तिने समोरच्या ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घातली.

आता ती रविवारची पाळी घेत नाही. फाटकाशी उभी राहून स्वतः सांगते. माणसं निम्मी झालीत. कोणीतरी इंटरनेटवर 'कंटाळवाणं' असंही लिहिलं. नवऱ्याने विचारलं, "हल्ली कमी का येतात गं?" त्यावर ती म्हणाली, "उन्हाचं." तेवढं एक खोटं तिने स्वतःकडे ठेवलं आणि त्याचा रागही पुतण्यावरच काढला.

नवी पत्रकं घेऊन तो आला तेव्हा तिने ती उंबऱ्यातच उभं राहून वाचली. शब्द न् शब्द. ठीक होती. तिने त्याला आत ये म्हटलं नाही. आतून नवऱ्यानेच हाक मारली, "कोण आलंय? अगं, चहा टाक की त्याला."

तिने चहा टाकला. कप त्याच्यापुढे असा आदळला, की अर्धा बशीत सांडला. तो निमूटपणे बशीतला प्यायला.