वर्तुळं कुणी काढली?

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कुणी सांगायला नको. माझ्या दाराचं रबर फाटलं आहे, एका अंगाचा रंग उडाला आहे आणि सुरू होताना मी जरा कण्हतो. मग? सकाळी उठताना तुम्हीही कण्हतच असाल. मी एक इन्क्युबेटर आहे. बारीकसारीक जीव ज्या उबदार कपाटात वाढवतात, ते कपाट म्हणजे मी. विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीला लागून माझी जागा आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट वेगळाच होता. माझ्याशेजारी उभं राहून लोकांनी फोटो काढले. माझ्या पोटात प्लेटा, म्हणजे झाकणाच्या चपट्या गोल डब्या, ठेवून कितीतरी जण डॉक्टर झाले. जाताना एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मग शेजारी नवा इन्क्युबेटर आला. चकचकीत, आवाज म्हणून नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यावर रिकामी खोकी ठेवू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण काम मी सोडलं नाही.

नव्यात जागा मिळेना म्हणून एक मुलगी माझ्याकडे आली. ती पीएच.डी. करत होती. सगळे तिला 'चिवट' म्हणायचे. प्लेटमधली बुरशी रोज किती पसरते, ते मोजायचं, हे तिचं काम. घरून फोन आला की ती माझ्या उबदार अंगाला पाठ टेकून बोलायची.

"बुरशीच वाढवायची होती, तर आपल्या न्हाणीघराची भिंत काय वाईट होती?" आई विचारायची.

"त्या भिंतीवर डिग्री मिळत नाही गं."

दोघी हसायच्या. मग आई हळूच म्हणायची, "बरं, पण संपणार कधी?" यावर चिवट "प्लेटा मोजायच्या राहिल्यात" म्हणून फोन ठेवायची.

दोन वर्षांची मापं घेऊन ती तिच्या गाइड मॅडमकडे गेली. नव्या इन्क्युबेटरमधली बुरशी गुळगुळीत पसरत होती. हिच्या प्लेटांत मात्र वर्तुळं उमटली होती, कापलेल्या खोडावर दिसतात तशी, एकात एक. मॅडम प्लेटा घेऊन माझ्यासमोर आल्या. त्यांनी माझं फाटकं रबर बोटाने ओढून पाहिलं.

"हे यंत्र बिघडलंय. ही मापं टाकून दे आणि नव्यात पहिल्यापासून सुरू कर."

"पहिल्यापासून केलं तर माझी मुदत संपेल, मॅडम."

"म्हणून चुकीची मापं देऊन डॉक्टर होणार आहेस?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं, हेच वाईट होतं. तिची दोन वर्षं कचऱ्यात आणि मी भंगारात, असं एका दमात ठरलं.

त्या दिवशी माझ्यावर डोकं टेकून ती पोटभर रडली. मग नाक पुसलं आणि माझ्यावरच उखडली. "बिघडलास तर बिघडलास. पण वर्तुळं तू कशी काढशील? तुला हात कुठे आहेत?"

असं बोलून ती स्वतःच थबकली. मग तिने माझ्या पोटात एक थर्मामीटर ठेवला. दिवसा खिडकीतलं ऊन फाटक्या रबरातून आत झिरपायचं, रात्री तिथूनच गारवा शिरायचा. बुरशीला तेवढा फरकही कळत होता आणि ती रोज एक वर्तुळ काढत होती. चिवटने त्या फटीत आपले जुने मोजे कोंबले. वर्तुळं थांबली. मोजे काढले, वर्तुळं परत आली. वास सोसला मी, पण तक्रार केली नाही.

माझ्या दारावर तिने कागद चिकटवला: 'प्रयोग चालू आहे. हलवल्यास बुरशी रागावेल.' तरी एके दिवशी हातगाडी घेऊन दोन माणसं आलीच.

"ताई, वरून सही झालीय. न्यावं लागेल."

"मग दादा, मलाही उचला." ती माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

गलका ऐकून मॅडम आल्या. चिवटने तीन प्लेटा पुढे केल्या. एक मोज्यांची, एक बिनमोज्यांची. तिसरी नव्या इन्क्युबेटरमधली, तिथे तिने मुद्दाम दिवसा ऊब वाढवली होती आणि रात्री कमी केली होती. तिच्यातही वर्तुळं होती. मॅडमनी तिन्ही प्लेटा एकीशेजारी एक लावून पाहिल्या.

"म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं म्हणतेस?"

"यंत्र बिघडलंच होतं, मॅडम. बुरशी बरोबर होती."

मॅडमनी तिसरी प्लेट उजेडात धरली. "मग जुनी एकही प्लेट टाकू नकोस. आपला प्रश्नच चुकला होता. बुरशी किती पसरते हे नाही, दिवसाच्या उबेने आणि रात्रीच्या गारव्याने कशी पसरते, हे विचारायला हवं होतं." मग त्या माणसांकडे वळल्या. "तुम्ही ते कोपऱ्यातलं मोडकं टेबल न्या."

चिवट डॉक्टर झाली त्या दिवशी धावत आली ती थेट माझ्याकडे. नेहमीसारखी पाठ टेकली आणि घरी फोन लावला.

"आई, संपलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "थांब, आधी मला बसू दे."

"बस. आणि न्हाणीघराची भिंत घासू नकोस. मी बघायला येतेय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया करा, असं मी म्हणणार नाही. दया तुमच्याजवळ ठेवा. पण 'बिघडलंय' म्हणून काही फेकण्याआधी आत काय चाललंय, ते एकदा बघा. आणि बघायला आलातच, तर आधी माझ्या डोक्यावरची ही खोकी उचला.