कपाटावरचा पत्रा

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझे चारही स्क्रू काढण्यात आले आणि मला उचलून जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवण्यात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कपाट उघडले.

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. माझ्यावर सरस्वती रंगवलेली आहे. जन्माने मी काही देवाधर्माचा नव्हे. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात मी बॉयलरच्या अंगावरचे आवरण होतो. आवरण बदलले तेव्हा मी भंगारात निघालो होतो. बॉयलर सांभाळणाऱ्या मास्तरांनी मला परत आणले, ठोकून सपाट केले, घासले आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरपुढे ठेवले. कामगारांच्या खोलीत मास्तरांनी स्वतःच्या पुस्तकांचे एक कपाट उभे केले होते. त्याच्यासमोरच्या भिंतीवर मला लावायचे होते.

पेंटर देवीच्या हातातले पुस्तक मिटलेले काढत होता. मास्तरांनी त्याला थांबवले. "उघडं काढा हो. मिटलेलं पुस्तक आणि वीट, फरक काय?"

"आणि हंस? तो ठेवू का?"

"ठेवा की! तो दुधातून पाणी वेगळं करतो, मी पाण्यातून वाफ. आम्ही एकाच खात्यातले."

वीणेपाशी मात्र मास्तर गंभीर झाले. "तार सैल सोडली तर बेसूर, फार ताणली तर तुटते. रोज हात ठेवावा लागतो. व्हॉल्व्हचंही तेच. नुसते हात जोडून हिच्याकडून काही मिळत नाही, पेंटरसाहेब. बसावं लागतं."

माझा रंग तेव्हा ओला होता. ते शब्द मला धुळीसारखे चिकटले.

पुढची काही वर्षे माझ्या मनासारखी गेली. कपाटाला कुलूप नव्हते. इस्त्रीवाल्या बायका दमट हातांनी पुस्तके उघडायच्या, पाने फुगायची, कोपरे दुमडायचे, आणि मास्तर खूश व्हायचे. बॉयलरच्या माहितीपुस्तकात तर त्यांनी समासभर पेन्सिलीने लिहून ठेवले होते. हा बॉयलर थंडीत कसा रुसतो, कोणता व्हॉल्व्ह अडकतो, कोणत्या आवाजाला धावत यायचे. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात ते नव्हते.

मास्तर निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. त्याच पावसाळ्यात माझी भिंत ओलावली आणि खिळा सुटला. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी मला उचलले, चहूकडे पाहिले आणि कपाटाच्या दोन्ही दारांवर आडवे धरून चार स्क्रू मारले. दोन इकडच्या दारात, दोन तिकडच्या.

"काका, मग पुस्तकं कशी काढायची?" कुणीतरी विचारले.

"वाचतंय कोण? लागली तर काढू की. तेवढ्यापुरतंच आहे."

पुस्तके लागली, तेव्हा काका म्हणाले, "आता देवीला हलवायचं नसतं."

मित्रांनो, काका वाईट नाहीत. रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचे. येणारे-जाणारे माझ्यापुढे मान लववायचे. म्हणूनच माझा राग जास्त आहे. शत्रूने दार अडवले असते तर समजू शकलो असतो. इथे ज्ञानाचे दार ज्ञानाच्याच देवीने बंद केले, आणि त्यासाठी माझी पाठ वापरली. माझ्यावरचे पुस्तक उघडे, माझ्यामागची सगळी बंद. अकरा वर्षांत ही विसंगती एकालाही दिसू नये?

एकीला दिसली. बॉयलरवर मदतनीस असलेल्या ताईला. वाफेचा दाब वाढला की काट्याकडे न पाहता, नुसत्या आवाजावरून सांगते, म्हणून तिला सगळे शिट्टी म्हणतात. काम पाच वर्षांचे, पण हातात परवान्याचा कागद नाही. बुधवारी दहा वाजता परीक्षक येणार, याच बॉयलरवर परीक्षा घेणार. पास झाली तर बॉयलर तिचा. नाही तर बाहेरचा माणूस येणार आणि ती पुन्हा चादरींच्या घड्या घालणार. मास्तरांच्या पेन्सिलीच्या नोंदींबद्दल तिने जुन्या इस्त्रीवाल्या बायकांकडून ऐकले होते. तिने काकांना तीनदा विचारले, चौथ्यांदा लेखी अर्ज दिला.

"कपाटासाठी देवी हलवू? दुसरं पुस्तक आण बाजारातून."

"आणलंय. त्यात आपला बॉयलर नाही, काका."

मंगळवारी ती रात्रपाळी संपवून पेचकस घेऊनच आली. आधी जमिनीवर धुतलेली चादर अंथरली, मग मला उतरवले. मग दारे उघडली. आत वाळवी होती. खालचा खण नुसती माती झाला होता. माझ्यासमोर माणसे मान लववत होती, तेव्हा माझ्या पाठीशी वाळवी जेवत होती. मास्तरांचे पुस्तक वरच्या खणात सापडले. पहिली चाळीस पाने शाबूत, पुढची चाळण.

तेवढ्यात काका आले. "अगं, देवी जमिनीवर! बूट तरी काढलेस का?"

"बॉयलरवरून आलेय, काका. तिथे बूट काढत नाहीत." तिने पुस्तक त्यांच्यापुढे धरले. "हे बघा. अकरा वर्षं सांभाळलंत ना?"

काकांनी पान उलटले. ते त्यांच्या बोटांत तुटले. दुपारी त्यांनी कारखान्याच्या साहेबांकडे तक्रार दिली.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या, मी पत्रा आहे, मला सवय आहे. पण ज्या घरात माझ्यासारखे कुणी दारावर ठोकलेले असेल, तिथे आधी पेचकस शोधा. देवी रागावणार नाही. तिच्या हातातले पुस्तक नीट पाहा, म्हणजे कळेल.

आज बुधवार. तक्रारीवर साहेबांनी अजून काही कळवलेले नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी परीक्षक फाटकातून आत आले. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पानावरचा अर्धा समास वाळवीच्या पोटात आहे. कपाट उघडे आहे. चारही स्क्रू ताईच्या खिशात आहेत.